आधी दारात उभे आहेत त्यांना आत घ्या

सक्तीच्या लष्करी सेवेची मागणी करणाऱ्या सर्व मान्यवर लोकप्रतिनिधींस,

जय हिंद.

गेल्या महिन्यात आमच्या भागात माजी सैनिकांच्या सत्काराचा कार्यक्रम झाला. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल, सगळं रीतसर. मीही पदकं लावून पुढच्या रांगेत बसलो होतो. प्रमुख पाहुणे उठले आणि म्हणाले, की या देशातल्या प्रत्येक तरुणाला दोन वर्षं सक्तीनं लष्करात पाठवलं पाहिजे, म्हणजे मोबाईलचं वेड उतरेल आणि अंगाला शिस्त लागेल. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या, खोटं कशाला सांगू. नुकतीच शाल अंगावर पडलेला माणूस टाळी वाजवतोच. पण मंडपाच्या मागं, खांबांना टेकून सात-आठ पोरं उभी होती. ती माझ्याकडं भरतीच्या सरावाला येणारी. खुर्च्या मांडायला आणि पाण्याचे जार उचलायला बोलावली होती. त्यातल्या एकाचाही हात हलला नाही. कार्यक्रम उरकल्यावर जार रिकामे करताना एक जण मला म्हणाला, "मामा, सक्ती कवापासनं करणार हाईत? आमची नावं पयली घाला म्हणावं."

तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे. ते त्या एका पाहुण्यांना नाही. हे भाषण मी निरनिराळ्या पक्षांच्या तोंडून ऐकलं आहे, म्हणून सगळ्यांनाच लिहितो.

आधी माझी ओळख. १९९१ साली मी मराठा लाईट इन्फन्ट्रीत शिपाई म्हणून लागलो आणि चोवीस वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आलो. गाव बेळगावच्या पश्चिमेला, उचगाव-बाचीच्या पट्ट्यात. बाची संपलं की शिनोळी, म्हणजे चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. वडील पलटणीत होते, दोन चुलते होते. रेजिमेंटचं सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे. त्या सेंटरच्या भिंतीबाहेरच्या रस्त्यावरून दूध, भाजी घेऊन जाणाऱ्या माणसांची पोरं आत जात राहिली. त्यांना कुणी धरून नेलं नाही. १९४४-४५ मध्ये इटलीत लढताना धारातीर्थी पडून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे असोत की जखमी साथीदारांना पाठीवरून आणून तो मिळवणारे नामदेव जाधव असोत, सगळी फौजच स्वखुशीनं भरती झालेली होती. सक्तीचा कायदा आमच्या गावांनी पाहिलेला नाही आणि त्यावाचून त्यांचं काही अडलेलं नाही.

तुमची मागणी बेकायदा आहे असं मी म्हणत नाही. घटनेच्या २३ व्या कलमातच सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायची मुभा सरकारला आहे. फक्त धर्म, वंश, जात, वर्ग बघून भेद करायचा नाही. माझी शंका वेगळी आहे. सक्ती आली की तिच्या मागोमाग सूट येते, आणि खरा कायदा सुटीच्या यादीत असतो.

जगात बघा. दक्षिण कोरियात धडधाकट तरुणाला दीड-दोन वर्षं द्यावीच लागतात, पण ऑलिंपिकचं पदक आणलं की सवलत. तुर्कस्तानात ठरलेली रक्कम भरली की महिनाभराच्या प्रशिक्षणावर सुटका होते. इस्रायलमध्ये धर्मग्रंथ शिकणाऱ्या कट्टरपंथी तरुणांना कित्येक दशकं सूट होती. जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती चालणार नाही म्हटलं, तेव्हा सरकार हादरायची वेळ आली. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेत कॉलेजात नाव असलं की बोलावणं पुढं ढकललं जाई. कॉलेजात कुणाची मुलं होती आणि जंगलात कुणाची गेली, ते सांगायला नको.

आपल्याकडं यादी कशी होईल ते मला पलटणीत न जाताही सांगता आलं असतं. परदेशी शिकायला गेलेल्याला सूट. मेडिकल, इंजिनिअरिंगवाल्याला सूट. ज्याच्या ओळखीत डॉक्टर आहे त्याचे तळपाय एका रात्रीत सपाट होणार, म्हणजे मेडिकलमध्ये बाद. राहिलं कोण? खांबाला टेकून उभी असलेली ती सात-आठ पोरं. मग त्यांना बोलवायला कायदा कशाला पाहिजे? ती आत्ताच तयार आहेत, दार तेवढं उघडा.

आणि एक आठवण करून देतो. मार्च २०१८ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनं सुचवलं होतं, की केंद्रात आणि राज्यात राजपत्रित अधिकारी व्हायचं असेल त्यानं आधी पाच वर्षं लष्करी सेवा करावी, तशी सक्तीच असावी. ही शिफारस अमलात आली नाही. ज्यांनी व्यासपीठावरून सक्तीचं भाषण केलं, त्यांच्यातल्या कुणी ती लावून धरल्याचंही माझ्या ऐकण्यात नाही. सगळ्या पोरांना पाठवा म्हणायला जीभ सैल असते. साहेब होणाऱ्यांना पाठवा म्हटलं की ती जड होते.

सक्तीचं काय होतं ते आमच्या थोरल्या चुलत्यांनी पाहिलंय. चीनच्या युद्धानंतर १९६३ साली कॉलेजात एनसीसी सक्तीची केली होती. ते तेव्हा शहरात शिकत होते. परेडला हजेरी लागली की निम्मी पोरं कंपाउंडवरून पसार, आणि इस्त्रीचा एकच ड्रेस तिघांत फिरायचा. १९६८ मध्ये सरकारनंच ती ऐच्छिक केली. त्यानंतर जी येत राहिली ती आवडीनं आली. काका हे सांगताना हसायचे, पण मला त्यात धडा दिसतो.

आता आमच्या घरातलं.

माझा मुलगा २००० सालचा. २०२१ च्या सुरुवातीला भरतीत त्यानं ग्राउंड काढलं. धावणं, बीम, नऊ फुटी खड्डा, झिगझॅग, सगळं. मेडिकलमध्ये फिट. राहिली फक्त लेखी. लेखीची तारीख पुढं गेली, परत पुढं गेली. कोरोना होता, आम्ही समजून घेतलं. पोरगं रोज पहाटे उठून पळत होतं आणि रात्री जीकेचं पुस्तक घेऊन बसत होतं. हॉलतिकीट त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यामागं ठेवलं होतं. १४ जून २०२२ ला अग्निपथ, म्हणजे चार वर्षांपुरत्या भरतीची योजना, जाहीर झाली आणि जुन्या भरत्या रद्द झाल्या. ती पिशवी अजून तिथंच आहे. त्याची आई दिवाळीला देव्हारा पुसते तेव्हा उचलते आणि परत ठेवते.

हे एका घराचं रडगाणं नाही. सरकारनंच संसदेत दिलेले आकडे आहेत: २०१८-१९ मध्ये सैन्यात ५३,४३१ आणि २०१९-२० मध्ये ८०,५७२ जणांची भरती झाली. पुढची दोन वर्षं शून्य. त्या दोन वर्षांत पोरांची वयं थांबली नव्हती.

वय वाढवून दिलं, हे मी मान्य करतो. २०२२ पुरती २१ ची मर्यादा २३ केली. मुलानं परत फॉर्म भरला. पण मधल्या काळात घर चालवायला तो उद्यमबागेत एका फाउंड्रीत रात्रपाळीला लागला होता. भट्टीसमोर आठ तास उभं राहून पहाटे पळायचं. त्याचं जुनं ग्राउंड, जुनं मेडिकल काही धरलं नाही, सगळं पहिल्यापासून. १६०० मीटरला मर्यादा होती ५ मिनिटं ४५ सेकंद. तो ५ मिनिटं ४९ सेकंदांत आला. वेळ संपल्याची दोरी पडली होती. चार सेकंद. मी स्वतः पोरांना पळवतो, नियम म्हणजे नियम, हे मला कुणी शिकवायला नको. त्या दिवशी मी त्यालाच बोललो, की तू कमी पडलास.

पण २०२५ च्या भरतीला धावण्याची मर्यादा ६ मिनिटं १५ सेकंदांपर्यंत वाढवली, उशिरा येणाऱ्याला गुण कमी एवढंच. ती बातमी त्यानंच मला मोबाईलवर दाखवली. तेव्हा तो पंचविशीत होता. काही बोलला नाही, डबा उचलून पाळीला गेला.

त्यावेळच्या पोरांपैकी काही जण न्यायालयात गेले होते. १० एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की निवड प्रक्रियेत होतो म्हणून नेमणुकीचा हक्क लागू होत नाही. न्यायालयाचा मान आहे. हक्क नाही तर नाही. पण जे हक्कानं मिळत नाही ते संसद मनात आणलं तर देऊ शकते, आणि तुम्ही संसदेत, विधानसभेत बसता.

दुसरं दुखणं कागदाचं. पात्रता म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं छाती, उंची येते. आमच्याकडं पोरं छातीवर कमी आणि कागदावर जास्त बाद होतात. सैनिकाच्या मुलाला उंचीत २ सेंटीमीटर, छातीत १ सेंटीमीटर, वजनात २ किलोची सवलत आहे, लेखीला बोनस गुणही आहेत. त्यासाठी रिलेशन सर्टिफिकेट, म्हणजे सैनिकाशी नात्याचा दाखला लागतो, तो पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसकडून येतो, आणि त्यासाठी मुलाचं नाव, जन्मतारीख बापाच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे पलटणीतल्या त्याच्या घरच्या नोंदीत, जशीच्या तशी पाहिजे. आता १९९०-२००० च्या काळात पोर झाल्याचं आम्ही कसं कळवायचो? घरून पत्र यायचं, कंपनी क्लार्कला तोंडी सांगायचं, तो त्याच्या कानाला लागेल तसं इंग्रजीत लिहायचा. क्लार्क कधी बिहारचा, कधी केरळचा. यल्लप्पाचा येलापा, ज्योतिबाचा जोतीबा. इकडं शाळेत मास्तरांनी मराठीत लिहिलं, त्याचं कन्नड झालं, कन्नडचं परत इंग्रजी झालं आणि दहावीच्या मार्क्स कार्डावर तिसरंच स्पेलिंग आलं. आधारवर चौथं. एका अक्षरासाठी मी अफिडेव्हिट, राजपत्र, दाखला असे तीन महिने घालवले. खिडकीवरच्या माणसाचीही चूक नव्हती, त्याच्या पुढ्यात चार कागद चार नावांचे होते. पण मी पेन्शनर, मोकळा होतो. माझ्या शेजारणीचा नवरा पलटणीतून आल्यावर वारला. ती एकटी बाई, कन्नड वाचता येत नाही, इंग्रजीचं सोडाच. तिच्या पोराची सवलत त्या वर्षी कागदावरच राहिली.

सीमेवरचा अजून एक घोळ. आमची काही पोरं मराठी माध्यमासाठी पलीकडं, चंदगड तालुक्यात मामाकडं राहून दहावी करतात. मग घर कर्नाटकात आणि दहावीचा बोर्ड महाराष्ट्राचा. रहिवासी जिथला, तिथल्याच भरती कार्यालयाकडं नाव घालायचं असतं. एकीकडं म्हणतात तू त्यांचा, दुसरीकडं म्हणतात दाखला दाखव. आणि गंमत अशी, की उंचीची अटसुद्धा राज्य बघून बदलते. कर्नाटकाच्या पोराला १६६ सेंटीमीटर, महाराष्ट्राच्या पोराला १६८. माझ्या बहिणीचा मुलगा शिनोळीचा, भावाचा मुलगा आमच्या गावचा. दोघांचा आजा एक, दोघं एकाच उसात वाढले, दोघंही १६७. एक आत, एक बाहेर. याच्यावर गावात बरेच विनोद झाले. ज्याच्यावर झाले तो मात्र आता कोल्हापुरात डिलिव्हरीचं काम करतो.

चांगलं झालं तेही सांगतो. २०२५ पासून ऑनलाईन लेखी परीक्षा तेरा भाषांत देता येते, त्यात मराठी आहे आणि कन्नडही आहे. आमच्या मैदानावर दोन्ही भाषांची पोरं पळतात, दोघांनाही याचा उपयोग झाला. ज्यानं कुणी हे केलं त्याला माझा सलाम. पण २०२३ पासून आधी लेखी, मग ग्राउंड असा क्रम झालाय. ज्या पोरानं जन्मात माऊस हातात धरला नाही, ते पहिल्यांदा कॉम्प्युटरसमोर बसतं ते थेट भरतीच्या परीक्षेलाच. त्याचे पाय कुणी बघतच नाही. खासगी ॲकॅडमीवाले हे शिकवतात, पण त्यांची फी आणि हॉस्टेल धरलं तर एका गाईची किंमत जाते. गाई विकून पोरं पाठवलेली घरं मला माहीत आहेत.

तिसरं, जे आत गेले त्यांचं. माझा पुतण्या अग्निवीरांच्या अगदी पहिल्या तुकडीतला. पहिल्या वर्षी ३० हजार पगार, त्यातले ९ हजार कापून निधीत, हातात २१ हजार. चार वर्षांनी सेवा निधीचे साधारण ११ लाख ७१ हजार. चारांतला एक कायम होणार, तिघं घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. चार वर्षं लग्नही करायचं नाही. आता मुलगी बघायला जावं तर पाहुणे चहा यायच्या आधी विचारतात, "पर्मनंट हाय काय?" माझ्या लग्नाच्या वेळी वडिलांनी नुसतं "पलटणीत आहे" म्हटलं होतं, तेवढ्यावर सोयरीक ठरली. पुतण्याला सीमेवर उभं असताना काही झालं तर विमा आहे, सानुग्रह रक्कम आहे, ते मी नाकारत नाही. पण तो धडधाकट घरी आला तर कोण, हे त्याला सांगता येत नाही. पुढं त्याच्या मुलानं भरतीला जायचं म्हटलं तर त्याला सैनिकाचा मुलगा म्हणून सवलत कुठल्या दाखल्यावर मिळणार?

मुलींचं थोडक्यात. माझ्याकडं तीन मुली पळायला येतात, त्यातली एक पोरांना मागं टाकते. २०१९ साली लष्करी पोलिसांत महिला जवान घ्यायला सुरुवात झाली, तेव्हा एक मेळावा बेळगावातच भरला होता. अग्निवीर म्हणून सैन्यात मुलींना अजून तेवढंच एक दार आहे. तुमच्या भाषणातल्या "प्रत्येक तरुणा"त त्या येतात का, हे एकदा स्पष्ट करा.

आता मागण्या. सक्तीचं विधेयक आणायचं तेव्हा आणा, त्याआधी एवढं सभागृहात मांडा.

२०२० ते २०२२ च्या रद्द भरतीत ग्राउंड आणि मेडिकल पास झालेल्यांची यादी सरकारजवळ आहे. सैन्यासाठी त्यांचं वय गेलं, ते मला कळतं. पण केंद्रीय सशस्त्र दलं, रेल्वे सुरक्षा दल, राज्य पोलीस, वनखातं यांच्या भरतीत त्यांना वयाची एकदाची सवलत द्या. ती किती वर्षांची हे तुम्ही ठरवा. वाया गेलेल्या वर्षांइतकी तरी असावी.

रिलेशन सर्टिफिकेटसाठी वर्षातून दोनदा तालुक्याच्या ठिकाणी शिबिर घ्या. रेकॉर्ड ऑफिसचा माणूस, तहसीलचा माणूस आणि नोटरी एका टेबलावर बसू द्या. स्पेलिंगचा फरक असेल तर गावच्या दोन माजी सैनिकांची साक्ष आणि एक प्रतिज्ञापत्र, एवढ्यावर काम व्हावं. वीरपत्नींचे कागद त्याच दिवशी व्हावेत.

सीमाभागातल्या पोरांसाठी एक लेखी खुलासा काढा: घर कर्नाटकात, दहावी महाराष्ट्रात किंवा उलट, तर नाव कुठं घालायचं आणि कुठला दाखला चालेल. तो मराठी, कन्नड दोन्हींत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीत लावा. यात पैसाही लागत नाही. उंचीच्या दोन सेंटीमीटरचा विचार तज्ज्ञांनी करावा. लगतच्या तालुक्यांना एकच माप का नको, याचं उत्तर मात्र मिळावं.

चार वर्षं पुरी केलेल्या अग्निवीराला माजी सैनिक म्हणा. पेन्शनचा वाद पुढं चालू द्या, पण कॅन्टीन, दवाखाना आणि मुलांची सवलत एवढं तरी त्या दर्जाबरोबर येऊ द्या. आणि चारात एक हे प्रमाण वाढवा. किती, त्यावर सैन्यातल्या वरिष्ठांचं मत सभागृहात मागवा.

राहिला कॉम्प्युटर. तालुक्यातल्या सरकारी कॉलेजांच्या लॅब संध्याकाळी रिकाम्या असतात. परीक्षेआधी दोन महिने त्या पोरांना उघडून द्या. शिकवायला मी माणसं देतो, आमच्यातलेच सिग्नल्समधून, म्हणजे सैन्याच्या संदेश विभागातून निवृत्त झालेले दोघं फुकट यायला तयार आहेत.

एवढं केलंत आणि तरीही सैन्याला माणसं कमी पडली, तर सक्तीच्या ठरावावर पहिली सही मी करीन. त्या ठरावात सुटीची यादी शेवटच्या पानावर नको, पहिल्या पानावर छापा, म्हणजे सही करताना वाचता येईल.

या पत्राचं उत्तर मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत, कशातही पाठवा. मी ते मैदानावर वाचून दाखवीन. पोरं पहाटे पावणेसहाला जमतात, पावसाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात.

आपला,
एक माजी हवालदार, मराठा लाईट इन्फन्ट्री
बेळगाव तालुका